टेबल आधी, कार्ड नंतर

दादा, दांडिया बाजारातल्या खोलीत विमान उडवण्याच्या सिम्युलेटरसाठी चार फुटी टेबलावर २७ इंची तीन मॉनिटर बसतील का, असं विचारलंत. नाही बसायचे. एकेक पडदा ६० सेंमी रुंद. डोळे ६५ सेंमीवर धरले तर बाजूचे दोन्ही साधारण ५० अंश आत वळवायचे. तरी १३७ सेंमी लागतातच. पाच फुटी घ्या.

तोच कोन एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये बाजूच्या पडद्यांच्या लॅटरल ऑफसेटला (पडदा किती अंश बाजूला बघतो, त्या सेटिंगला) द्या, डाव्याला उणे. त्याऐवजी एनव्हिडियाच्या सराउंड सोयीने तिन्ही पडदे जोडून एकच लांब चित्र केलंत तर कडेची धावपट्टी रबरासारखी ताणली जाते.

तिन्ही पडदे मिळून ७६८० बाय १४४० म्हणजे १.१ कोटी पिक्सेल (चित्राचे ठिपके), एका फोर-के पडद्याहून एक तृतीयांश जास्त. ८ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड गुदमरेल, १६ बघा. आणि तिन्ही केबल कार्डातच; मदरबोर्डात एकही नको.