नोंदी पुसतात का?
'नियम पाळणाऱ्याने कॅमेऱ्याला का घाबरावं?' असं रस्त्यावरच्या वाहतूक कॅमेऱ्यांबद्दल कुणीतरी विचारलंय. सिग्नल तोडल्यावर फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याबद्दल माझीही तक्रार नाही. सरासरी वेग मोजणारी यंत्रणा मात्र वेगळी. तिला दोन ठिकाणांमधला वेळ काढायचा असतो, म्हणून येणाऱ्या प्रत्येक गाडीची नंबरप्लेट वेळेसकट टिपावीच लागते. निर्दोष गाड्यांच्या नोंदी तिथल्या तिथे पुसल्या तर ठीक. महिनोन्महिने ठेवल्या, तर कोण कधी दवाखान्यात गेलं, रात्री कुठे थांबलं, सगळं जुळवता येतं (आणि पाहणारा सज्जनच असेल असं थोडंच आहे!). जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने २००८ मध्येच दोन राज्यांच्या नंबरप्लेट वाचण्याच्या तरतुदी रद्द केल्या होत्या. दंड खुशाल करा, पण नोंदी किती दिवस ठेवता ते आधी सांगा.