मदत हवी आहे : किडनी प्रत्यारोपणानंतर गांजा आणि सीबीडी तेल

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाचं गेल्या वर्षी किडनी प्रत्यारोपण झालं; किडनी आईची. टॅक्रोलिमस (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू आहे. झोप येत नाही म्हणून तो गांजा ओढायला लागलाय, आणि आता कुणीतरी सीबीडी (गांजाच्याच झाडातला, नशा न आणणारा घटक) तेलाची बाटली दिलीय. "झाडपाल्याचंच आहे, प्रतिकारशक्ती वाढते" म्हणतो.

खरं तर टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) प्रतिकारपेशींना बहुधा मंदच करतं, पण ते बरंचसं प्रयोगशाळेतलं. मला जास्त भीती बुरशीची आहे. वाळवलेल्या गांजात ॲस्परजिलस असू शकते, ती धुरासोबत फुप्फुसात जाते, आणि याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली! शिवाय सीबीडीमुळे यकृतात टॅक्रोलिमसचं विघटन मंदावतं, रक्तातली पातळी चढते. हे औषध जास्त झालं की किडनीलाच इजा करतं, म्हणजे धोका आईने दिलेल्या किडनीलाच.

इथे कुणी नेफ्रॉलॉजिस्ट किंवा प्रत्यारोपण झालेले आहेत का? टॅक्रोलिमसची पातळी लगेच तपासावी का? तेल एकदम बंद केलं तर पातळी घसरून रिजेक्शनची (शरीराने किडनी नाकारण्याची) भीती असते का? पोलिसांच्या धास्तीने तो डॉक्टरांना सांगायला तयार नाही. तुमच्या घरात असं झालं असेल, तर त्याला कसं तयार केलंत तेही कृपया लिहा.