ट्रेकचे जीपीएक्स ट्रॅक घरच्या सर्व्हरवर ठेवायचेत, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?

पायवाटकर_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. आमचा ट्रेकचा ग्रुप आहे, पन्हाळा-पावनखिंड दरवर्षी जुलैमध्ये असतोच, शिवाय रांगणा, भुदरगड, गगनबावड्याकडं जमेल तसं. सगळे जीपीएक्स ट्रॅक (म्हणजे चाललेल्या वाटेची जीपीएस नोंद असलेल्या फायली) व्हॉट्सॲपवर पडलेत आणि फायलींची नावं बघाल तर ‘पावनखिंड फायनल’, ‘पावनखिंड फायनल नवीन’, ‘हाच वापरा’, आता ह्यातला खरा कुठला ते ज्यानं टाकला त्यालाच आठवंना. मसाई पठारावर धुकं उतरलं की पुढचा माणूस दिसत नाही, तिथं चुकीचा ट्रॅक म्हणजे झालंच. कंपनीच्या ॲपवर टाकायचं नाही, आज फुकट आहे उद्या पैसे मागतील. घरात ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, उबंटू टाकलंय, डॉकर (सॉफ्टवेअर कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवायची सोय) जेमतेम येतं. वाँडरर, फिटट्रॅकी, दावारिच ही नावं ऐकलीत. काय घेऊ?

तांबडा_रस्सा
भावा ही तिन्ही वेगवेगळ्या कामाची आहेत. दावारिच म्हणजे तू रोज कुठं कुठं फिरलास त्याची नोंद, गूगल टाइमलाइनला पर्याय. फिटट्रॅकी व्यायामाच्या हिशोबाला, किती पळालो किती सायकल मारली. तुला वाटांचा संग्रह पायजे, म्हणजे वाँडरर. जीपीएक्स टाकलं की नकाशा, चढउताराचा आलेख, फोटो, मधले थांबे सगळं एका पानावर, याद्या करता येतात, एखादा ट्रॅक ठराविक लोकांनाच दाखवता येतो. घड्याळातली फिट फाइलपण घेतं. ओपन सोर्स आहे, एजीपीएल लायसन्स.

डॉकर कंपोजमध्ये, म्हणजे कंटेनर एकत्र चालू करायच्या फायलीत, तीन कंटेनर असतात: वेब, डेटाबेससाठी पॉकेटबेस आणि शोधासाठी मेलीसर्च. तुझा लॅपटॉप आरामात ओढतोय. फक्त ‘ओरिजिन’ नावाच्या सेटिंगमध्ये ब्राउझरमध्ये जो पत्ता टाकणार तोच हुबेहूब लिही, एचटीटीपी की एचटीटीपीएस, पोर्ट, सगळं, नाहीतर पान दिसतंय पण लॉगिन काय होत नाही आणि लोक रात्रभर पासवर्ड बदलत बसतात. एन्क्रिप्शन की, म्हणजे डेटा कुलूपबंद करायची गुप्त किल्ली, बरोब्बर ३२ अक्षरांची. ग्रुपची खाती उघडून झाली की साइनअप बंद कर.

जुनी_बुलेट
एवढा खटाटोप कशाला मर्दा? सिंकथिंग टाका, ते फोल्डर आपोआप सगळीकडं सारखं ठेवतं, एक फोल्डर सगळ्यांच्या फोनात, ऑस्मअँड ह्या नकाशाच्या ॲपमध्ये ट्रॅक उघडला की काम झालं. पावनखिंडीच्या वाटेवर रेंज कुठं असते, सर्व्हर काय करणाराय तिथं?

तांबडा_रस्सा
रेंजचं शंभर टक्के बरोबर, ट्रॅक आणि ऑफलाइन नकाशा घरनं निघतानाच फोनात पायजे. पण सिंकथिंगमध्ये एकानं जागा करायला फोनातनं फोल्डर साफ केलं की सगळ्यांचं साफ, व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपून ठेवणं) चालू नसलं तर बसा बोंबलत. शिवाय त्यांचं मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालंय, आता त्याच्याच कोडवरनं दुसऱ्यांनी चालवलेली आवृत्ती (फोर्क) वापरावी लागते. आयफोनवाल्यांचं आणि वेगळंच.

पायवाटकर_कोल्हापूर
वाँडरर घरच्या वायफायवर चाललं, नाद खुळा! बाहेरनं मात्र उघडत नाही. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड केलं, म्हणजे बाहेरनं आत यायची वाट उघडली, तरी नाही.

सर्व्हर_शाहूपुरी
केबलवाल्याचं नेट असेल तर बहुतेक सीजीनॅट आहे, म्हणजे बऱ्याच गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा एकच आयपी पत्ता. राउटरमधला वॅन आयपी (नेटवाल्यानं राउटरला दिलेला पत्ता) बघा, १००.६४ ते १००.१२७ मधला असला तर पोर्ट उघडून उपयोग नाही, बाहेरचा आयपी तुमच्या एकट्याचा नसतोच. ग्रुप छोटा आहे तर टेलस्केल टाका, ते तुमची उपकरणं इंटरनेटवरनं खासगी नेटवर्कमध्ये जोडतं, सगळ्यांच्या फोनात ॲप आणि विषय संपला. मग ओरिजिनमध्ये टेलस्केलचाच पत्ता लिहायचा. बॅकअपला पॉकेटबेसचं पीबी_डेटा फोल्डर, पण कंटेनर थांबवून कॉपी करा, आत एसक्यूलाइट, म्हणजे फायलीत साठवलेला डेटाबेस आहे, चालू असताना नुसती फाइल उचलली तर अर्धवट येऊ शकते. आणि लॅपटॉपची बॅटरी अजून धरत असेल तर काढू नका, पावसाळ्यात लाईट जाते तेव्हा तोच यूपीएस.

रानवाटा_ताई
सॉफ्टवेअर झालं, आता कचरा कोण काढणार? मुक्कामाला फोन रेकॉर्डिंगवर राहिला की एका जागी कोळ्याच्या जाळ्यागत रेघांचा गुंता होतो आणि अंतर उगाच वाढतं. जीपीएक्स स्टुडिओत तेवढे बिंदू काढून टाका, ब्राउझरमध्येच चालतं, तेही ओपन सोर्स आहे. घरापासून रेकॉर्डिंग सुरू केलं असेल तर पहिला तुकडा कापा, नाहीतर घराचा पत्ता सगळ्यांना वाटल्यासारखं होतं.

नावात गड, कुठनं कुठं, महिना, वर्ष एवढं पायजेच. महिना खास सांगते कारण उन्हाळ्यात ओढ्यातनं सरळ गेलेला ट्रॅक जुलैमध्ये कुणी डोळे झाकून धरला तर तिथं पाणी असतं. माझ्या मते पावसाळी आणि उन्हाळी अशा दोन याद्याच वेगळ्या करा. राधानगरी अभयारण्यातले ट्रॅक तर खासगीच ठेवा, वनखात्याच्या परवानगीनं गेलेला असलात तरी. तुमची रेघ बघून मागनं येणारा परवानगी विचारत बसणार नाही.

पायवाटकर_कोल्हापूर
टेलस्केलनं चाललं बाहेरनं 🙏 ताई, याद्या आजच करतो. ‘हाच वापरा’ नावाच्या फायली तीन निघाल्या, तिन्ही वेगळ्या वाटेनं गेल्यात. ग्रुपवर विचारलंय, भांडण सुरू आहे.