पोरांनी आपसात केलेली शिफ्टची अदलाबदल चालू द्यायची की फॉर्मच भरायला लावायचा?

शिफ्टवाला_जळगाव

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत एका चटई कंपनीत शिफ्ट इन्चार्ज आहे, नऊ वर्षं झाली. २२ लूम (चटई विणायचे माग), दोन एक्स्ट्रुडर (प्लास्टिक वितळवून धागा काढायचं मशीन), तीन शिफ्ट. थोडं मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय समजणार नाही.

मागच्या वर्षापर्यंत कोण कुठल्या शिफ्टला येणार ते कागदावर मी ठरवायचो, पण खरं तर पोरंच ठरवायची. पाण्याच्या टाकीजवळ खिळ्याला एक दोनशे पानी वही टांगलेली, सुतळीला पेन बांधलेला, त्यात "शनिवारची रात्र माझी तू कर, मंगळवारची तुझी मी करतो" असं लिहिलेलं असायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेर-पारोळ्याकडची पोरं गावाला जायची, श्रावणात कानबाईच्या (आमच्या खान्देशची देवी) रविवारी तर अर्धं शेड रिकामं, तेव्हा मुस्लिम पोरं डबल ओढायची आणि ईदला ही पोरं त्यांच्या लूमवर उभी राहायची. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की एक्स्ट्रुडरजवळ कोणी दोन तासांच्या वर थांबायचं नाही अशी पाळी त्यांनी स्वतःच लावली होती, मला कोणी विचारलंही नाही आणि विचारायची गरजही नव्हती. एकजण चहाला गेला की शेजारचा त्याचे लूम बघायचा. बाहेरून बघणाऱ्याला गोंधळ वाटेल पण काम चालायचं भो, चांगलं चालायचं.

मग फेब्रुवारीत रात्रपाळीला एका पोराचं बोट लूममध्ये गेलं, वरचं पेर गेलं. तो आला होता दुसऱ्याच्या जागेवर, वहीत लिहिलेलं होतं पण मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, त्या रात्री नाव दुसऱ्याचंच. ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) कागदांसाठी मी आणि त्याचा भाऊ किती चकरा मारल्या ते आम्हालाच माहीत, प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, त्या रात्री हा ड्युटीवर होता याचा पुरावा काय. पट्टी बांधलेला हात घेऊन ते पोर बाकड्यावर बसलेलं आणि मी वही दाखवतोय, ती वही कोण मानणार.

त्यानंतर मालकांनी नवीन एचआर आणले. वही गेली, थंब मशीन आलं. शिफ्ट बदलायची तर दोन दिवस आधी फॉर्म आणि तीन सह्या. लूमही वाटून दिले, ज्याचे त्यानेच बघायचे. तेव्हापासून अदलाबदल बंद झाली आणि दांड्या वाढल्या, कारण गावाकडं कोणी वारलं तर माणूस दोन दिवस आधी फॉर्म कुठून भरेल. धागा तुटून लूम बंद पडला तरी शेजारचा बघत नाही, "साहेब, माझा लूम नाही" म्हणतो. चुकीचं बोलत नाही तो, नियमच तसा केलाय. मीटर कमी येऊन राहिले आणि वरून मलाच विचारणा.

एचआरवाले वाईट नाहीत, ते बोट मीही विसरू शकत नाही. पण पोरांच्या हातात काय ठेवायचं आणि कागदावर काय बांधायचं, ही रेघ कुठं मारायची? तुमच्याकडे कसं आहे ते सांगा.

---

एचआर_धुळे

दादा, मी अवधान एमआयडीसीत चौदा वर्षं एचआरमध्ये आहे. अदलाबदल करायला कायद्याची काही हरकत नाही, कायदा एवढंच मागतो की मशीनवर जो उभा आहे तोच कागदावर पाहिजे. ईएसआयला मालकाकडून ३.२५ टक्के आणि कामगाराकडून ०.७५ टक्के जातात ते अशाच दिवसासाठी, आणि नेमका तोच दिवस कागदावर नसेल तर पोराच्या हक्कावर पाणी पडतं. दुसरं म्हणजे तुम्ही जे "डबल ओढायची" लिहिलंय ते वाचून काळजात धस्स झालं. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४८ च्या कारखाना कायद्यापासून आहे, त्याच्या वर काम झालं की ओव्हरटाइम, तो दुप्पट दराने. पोरं प्रेमानं एकमेकांचे तास घेतात, पण सोळा तास उभ्या राहिलेल्या माणसाचा हात लूममध्ये जायला वेळ लागत नाही. तुमच्या त्या पोराने आदल्या दिवशी किती तास केले होते ते एकदा बघा, मला शंका आहे.

आणि तीन सह्यांचं म्हणाल तर ते ऑडिटसाठी लागतं असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत तर क्वालिटी मॅन्युअलची सक्तीसुद्धा काढून टाकलीय. जे ठरवलं ते पाळता आणि त्याची नोंद ठेवता एवढंच बघतात. तीन सह्या आपण आपल्या भीतीनं लावतो, मीही लावल्या होत्या, नंतर काढल्या.

माझं म्हणणं, तीच वही परत टांगा, फक्त पानं छापील आणि नंबर टाकलेली. बदली करणाऱ्या दोघांच्या सह्या, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी तुमची एक सही, आणि त्याच वेळी मस्टरवर नाव बदललं पाहिजे, दुसऱ्या दिवशी नाही. परवानगी मागायला लावू नका, नोंद करायला लावा. सलग दोन शिफ्ट मात्र कोणालाच नाही, सण असो की काही असो. आणि एक्स्ट्रुडरवर ज्याने शिकून घेतलंय तोच.

---

केळीवाला_रावेर

आमच्याकडे केळी कापणीची टोळी बघा. दहा-बारा जण, मुकादम फक्त व्यापाऱ्याशी क्विंटलचा भाव बोलतो, आत बागेत कोण कापणार, कोण घड खांद्यावर वाहणार, कोण फण्या करून गाडीत पानं टाकून रचणार ते ती पोरंच बघतात. खांदा दुखायला लागला की वाहणारा कापायला जातो, कोणी सांगत नाही. पण काट्यावर तसं नाही चालत. तिथं शेतकऱ्याचा माणूस आणि व्यापाऱ्याचा माणूस दोघं उभे, आकडा दोघांच्या वहीत. तिथं कोणी म्हटलं की तू जा मी बघतो, तर भांडण ठरलेलं. तुमच्या कंपनीत काटा कुठला आहे तो शोधा भाऊ, बाकी पोरांवर सोडून द्या.

---

भुसावळ_रिटायर्ड

३१ वर्षं रेल्वेत काढली, त्यातली बरीच स्टेशन मास्तर म्हणून. आमच्याइतके नियम कुठंच नसतील. पण ड्युटीची अदलाबदल आमच्यातही व्हायची, घरी लग्न आहे, पोराची परीक्षा आहे, आम्ही आपसात ठरवायचो आणि वर कळवायचो, त्याच्यात कोणी आडवं यायचं नाही. जिथं आडवं यायचे ते वेगळं. फाटकवाला गेट बंद केल्यावर मास्तरला नुसतं "बंद केलं" म्हणत नाही, त्याच्याजवळच्या छापील तक्त्यातला प्रायव्हेट नंबर देतो, तो मी माझ्याकडे लिहायचा आणि मगच गाडीला सिग्नल. एकदा वापरलेला नंबर काट मारून संपला. गेटवरचा माणूस माझा सख्खा मित्र असला, वीस वर्षांची ओळख असली तरी नंबराशिवाय नाही. यात अविश्वास नाही हो. रात्री तीन वाजता दोघंही झोपेत असू शकतात म्हणून तो नंबर आहे.

वर्क टू रूल काय असतं ते आम्हाला विचारा. नुसता नियम अक्षरशः पाळला तरी गाड्या रखडतात. तुमची पोरं "माझा लूम नाही" म्हणतात ते तेच आहे, संपाचं नाव न घेता. ते लूम वाटून दिलेत ना, तो नियम आधी काढा. त्याने कोणाचं बोट वाचत नाही.

---

सातपुड्याचा_पोरगा

मला वेगळं सांगायचंय आणि जरा मनापासून सांगतो. मी चोपड्याकडच्या पाड्यावरचा, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी चटई कंपनीत लागलो, तुमच्यासारखीच वही आमच्याकडेही होती. सगळे म्हणायचे इथं साहेबाचं नाही, आपलंच चालतं. पण त्या वहीत माझं नाव रात्रीच्याच रकान्यात. कोणी जबरदस्ती नाही करायचं, "तू एकटा राहतो, तुला काय फरक पडतो" म्हणायचे आणि पेन माझ्या हातात द्यायचे. मी लिहायचो. मला नीट मराठीत नाही म्हणता यायचं नाही तेव्हा, घरी पावरी बोलणारा माणूस मी. दोन वर्षांत मी आखाजीला एकदाही घरी गेलो नाही. ज्याचे पाच मित्र त्याला दिवसपाळी, ज्याचं कोणी नाही त्याला रात्र, आणि तक्रार करायची तर कोणाकडे, साहेब तर म्हणणार तुम्हीच ठरवलंय ना.

थंब मशीन आलं तेव्हा सगळे चिडले, मी खुश होतो. पहिल्यांदा मला आठवडाभर दिवसपाळी मिळाली, ती पण नियमाने, कोणाच्या उपकाराने नाही.

वही बंद करा असं मी म्हणत नाही. माझा बाप वारला त्या रात्री ज्याने माझी शिफ्ट घेतली त्याने ती वहीतूनच घेतली, फॉर्म असता तर मी पोचलो नसतो. पण महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः ती वही घेऊन बसा आणि बोटाने मोजा, कोणाच्या नावावर किती रात्री पडल्या. ज्याच्या जास्त आहेत त्याला बाजूला बोलवून विचारा, सगळ्यांसमोर विचारलं तर तो "काही नाही साहेब, माझ्या मर्जीने" म्हणेल. मीही तेच म्हणायचो.

---

मिलवाल्याचा_नातू

वरची पोस्ट दोनदा वाचली. दादा, लिहिलंत ते बरं केलंत.

मूळ प्रश्नाबद्दल एक जुनी गोष्ट, आपल्या शेजारचीच आहे. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५३ साली ए. के. राइस नावाचा इंग्रज संशोधक आला होता, लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचा. मिलने नवीन ऑटोमॅटिक लूम आणलेले तरी माल मनासारखा निघत नव्हता. कामाचे बारीक तुकडे पाडलेले, विणकर वेगळा, बॅटरी (लूमवरची बॉबिनची पेटी) भरणारा वेगळा, लूम दुरुस्त करणारा जॉबर वेगळा, तेल घालणारा वेगळा, प्रत्येकाचे लूम वेगळे आणि कोण कोणाचा ते कोणालाच कळेना. त्याने सुचवलं की काही लूम मिळून एका छोट्या गटाला द्या, आतली कामं गट बघेल. सुचवल्यावर कामगारांनीच गट पाडले, वरून यादी आली नाही. माल वाढला, खराब कापड कमी झालं. पण जास्त महत्त्वाचं पुढचं आहे. १९७० च्या सुमारास परत जाऊन बघितलं तर काही ठिकाणी गट टिकलेले होते आणि काही ठिकाणी हळूहळू सगळं जुन्या पद्धतीवर आलेलं. म्हणजे एकदा मोकळीक दिली आणि झालं असं नसतं, कोणीतरी ती सांभाळावी लागते, आणि ते काम इन्चार्जचं.

तुमच्या २२ लूमचे तीन-चार गट पाडून बघा, लूम माणसाला नाही, गटाला द्या. कोण चहाला गेला ते गट बघेल.

---

शिफ्टवाला_जळगाव

सगळ्यांचे आभार. एचआर ताई, तुम्ही म्हटलं म्हणून जुनी वही कपाटातून काढून बघितली. तो पोरगा आदल्या दिवशी दुपारी तीन ते रात्री अकरा होता, रात्री अकराला परत दुसऱ्याच्या जागेवर लागला आणि बोट गेलं पहाटे साडेचारला. सगळं वहीत होतं. सही नव्हती पण माझ्या डोळ्यासमोर होतं आणि मी ते कधी असं ओळीने वाचलंच नव्हतं. इतके दिवस मी मस्टरला दोष देत होतो.

आणि सातपुड्याच्या भाऊ, काल रात्री जेवण झाल्यावर बसून तुम्ही सांगितलं तसं मोजलं. तीन नावं निघाली. त्यातल्या एकाच्या चार महिन्यांत ६१ रात्री आहेत, यावलकडचा आहे, कधी तोंड उघडून बोलत नाही. मी त्याला शांत स्वभावाचा समजत होतो.

आज एचआरवाल्या साहेबांना सगळं दाखवलं. छापील वही, माझी एक सही आणि सलग दोन शिफ्ट बंद, एवढ्याला ते तयार झाले, म्हणाले मालकांशी मी बोलतो. गटाला लूम द्यायचं मात्र एका महिन्यासाठी सहा लूमवर करून बघा म्हणाले. कुठले सहा ते पोरांनाच ठरवायला सांगितलंय. यावलवाल्याला उद्या सेकंड शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर चहाला घेऊन जातोय, एकट्याला.

एक राहिलं, कोणाला माहीत असेल तर सांगा. कानबाईच्या रविवारी अर्धं शेड रिकामं होतं आणि आता डबल नाही करायचं, तर त्या दिवशी लूम बंदच ठेवून बदली दिवस भरून काढता येतो का, आणि त्याची नोटीस किती आधी लावावी लागते?