नगरकडच्या जुन्या बाप्तिस्मा नोंदी कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आमचे खापरपणजोबा नेवासे तालुक्यातले. 1876-78 च्या दुष्काळानंतर घराणं ख्रिस्ती झालं, एवढंच घरात सांगतात. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 पासून, म्हणजे बाप्तिस्म्याची वही कुठेतरी असणारच. गावातल्या चर्चमध्ये मात्र अलीकडचीच रजिस्टरं आहेत. 1970 साली अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा जुनी दप्तरं कुठे गेली? ('वाळवीनं खाल्ली' हे उत्तर ऐकून झालंय!) हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाची कागदपत्रं हार्वर्डला आहेत, पण त्यांत खेड्यांतल्या सभासदांची नावं सापडतात का? मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचे 1880 च्या आसपासचे अंक कुणी चाळलेत? धर्मांतरावरचा वाद कृपया इथे नको, फक्त नोंदींचा माग हवाय.