उपजत मृत्यूदर: जिल्ह्याच्या गावी सर्वाधिक, दुर्गम तालुक्यात शून्य?

तालुका_डेटा: आदिवासी पट्ट्यातल्या एका जिल्ह्याचा ३ वर्षांचा तालुकानिहाय उपजत मृत्यूदर (दर हजार जन्मांमागे मृत जन्मलेली बाळं) एचएमआयएसवरून (सरकारची आरोग्य अहवालांची ऑनलाइन प्रणाली) काढतोय. जिल्हा रुग्णालय असलेल्या तालुक्याचा दर सगळ्यांत जास्त, दोन दुर्गम तालुक्यांचा जवळपास शून्य. कृती आराखड्यात निधी कुठे मागायचा ते यावर ठरणार. गडबड कुठे आहे?

नोंदवही: एचएमआयएसमध्ये घटना जिथे घडली तिथे मोजली जाते. दुर्गम पाड्यावरून रेफर झालेल्या बाईची प्रसूती जिल्हा रुग्णालयात झाली की मृत्यू त्या तालुक्याच्या खात्यात. प्रसूती रजिस्टरमधला राहण्याचा पत्ता घेऊन मूळ तालुक्याप्रमाणे पुन्हा लावा. छेदही तसाच, आणि त्यात जिवंत व उपजत मृत दोन्ही जन्म हवेत. नुसते जिवंत जन्म घेतले तर दर फुगतो.

गरोदरपणाच्या किती आठवड्यांनंतरचा मृत्यू उपजत धरायचा, ती मर्यादाही एकच ठेवा. जन्म-मृत्यू नोंदणीत (नमुना ३, २१ दिवसांच्या आत) २८ आठवडे धरतात, आंतरराष्ट्रीय तुलनेतही तेच. ब्रिटनमध्ये मात्र १९९२ पासून २४ आहेत, त्यामुळे तिकडचा आकडा शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. कायद्याने केलेले गर्भपात वेगळे काढा.

पॉइसाँ: शून्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. घरच्या प्रसूतीतला उपजत मृत्यू बहुधा कुठेच लिहिला जात नाही. उपजत मृत्यूंचं नवजात मृत्यूंशी (जिवंत जन्मून पहिल्या २८ दिवसांत गेलेली बाळं) असलेलं प्रमाण काढा. फारच कमी निघालं तर नोंदी गळल्यात असं समजा. बालमृत्यूंचे अंदाज काढणारा संयुक्त राष्ट्रांचा गटही नोंदींचा दर्जा असाच तपासतो. मग आशांच्या गरोदर माता यादीतल्या ज्या गरोदरपणांचा शेवट कोरा आहे, ती नावं घरी जाऊन तपासायची.

आणि लहान आकड्यांचं बघा. १,००० जन्मांत १० मृत्यू असतील तर ९५ टक्के विश्वासमर्यादा (निव्वळ योगायोगाने आकडा किती हलू शकतो त्याचा पट्टा) साधारण ५ ते १८. पुढच्या वर्षी १४ झाले म्हणून "वाढ" म्हणता येत नाही. तीन वर्षं एकत्र करून ३,००० जन्मांत ३० आले, तर दर हजारी ७ ते १४. तेवढ्यावर बोलता येतं.

लेबररूम: निधी कुठे हे तालुक्याइतकंच मृत्यू कधी झाला यावर अवलंबून आहे, आणि त्याची किल्ली एकाच रकान्यात असते: दाखल होताना बाळाचे ठोके होते का. बऱ्याच केसपेपरवर तो कोराच असतो. मग कातडीवरून "ताजा" की "मुरलेला" (कातडी सुटलेली, म्हणजे मृत्यू बराच आधी झालेला) ठरवतात. कातडी सुटायला काही तास जातात, त्यामुळे वाटेत गेलेलं बाळही ताजं दिसतं आणि दोष प्रसूतीकक्षावर येतो.

ठोके होते आणि नंतर गेले, तर प्रश्न कळांच्या काळातल्या देखरेखीचा: पहिल्या अवस्थेत दर अर्ध्या तासाने, दुसऱ्या अवस्थेत दर ५ मिनिटांनी डॉप्लर (बाळाचे ठोके ऐकायचं यंत्र), पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकते याचा तक्ता), आणि रात्री सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञ. ठोके दाखल होतानाच नव्हते, तर पैसा रक्तदाब, हिमोग्लोबिन, सिफिलिस तपासणी आणि रेफरलच्या गाडीवर. हे न पाहता सगळीकडे वॉर्मर (जन्मलेल्या बाळाला ऊब देणारं यंत्र) वाटणं ही नेहमीची चूक. उपजत मृत्यूला वॉर्मरचा उपयोग शून्य.

एक खोच: न रडलेलं पण ठोके असलेलं बाळ पहिल्या मिनिटात बॅग-मास्कने श्वास न दिल्यामुळे जातं आणि "ताजा उपजत मृत्यू" म्हणून लिहिलं जातं. तो खरं तर जिवंत जन्म आणि नवजात मृत्यू. ज्या केंद्रात असे मृत्यू जास्त, तिथे आधी बॅग आणि योग्य मापाचा मास्क टेबलाशी आहे का ते बघा.

तालुका_डेटा: पत्ता आणि ठोके, दोन्ही रकाने मूळ रजिस्टरवरून भरून घेतो. ठोक्यांचा रकाना कोरा असलेल्या केसेस कुठे टाकू?

लेबररूम: "वेळ अज्ञात" असा तिसरा गट करा. वाटून टाकू नका. तो गट कोणत्या केंद्रात मोठा आहे तेही आराखड्यात दाखवा.