मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने द्यावे की निवडीने?

नारायणपेठी (धागाकर्ता)

माझी मुलगी पाचवीत पेठेतल्या एका जुन्या अनुदानित शाळेत गेली आणि यंदा ती दहावीला आहे. या सहा वर्षांत तिने चार मुख्याध्यापक पाहिले. मुख्याध्यापकांच्या खोलीत आजवरच्या मुख्याध्यापकांची नावे आणि कार्यकाळ रंगवलेला एक लाकडी फलक आहे. त्यात वरच्या ओळींमध्ये ११ वर्षे, १४ वर्षे अशा कारकिर्दी दिसतात आणि खाली येता येता त्या महिन्यांवर येतात. शेवटची दोन नावे कागदावर छापून चिकटपट्टीने लावली आहेत, कारण रंगाऱ्याला बोलवेपर्यंत पुढची निवृत्ती येते, असे तिथल्या लिपिकांनी मला हसत हसत सांगितले.

खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींबाबतच्या १९८१ च्या नियमावलीनुसार, पात्रता आणि समाधानकारक सेवा असलेल्या सर्वांत ज्येष्ठ शिक्षकालाच मुख्याध्यापक नेमावे लागते. निवृत्तीचे वय ५८. साहजिकच ज्येष्ठता यादीत वर सरकत शिक्षक त्या खुर्चीपर्यंत पोचतो, तेव्हा त्याच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे तयार होऊ लागलेली असतात. आमच्या शाळेत एका बाईंनी शेवटच्या तासिकेला वाचनालय खुले ठेवण्याची प्रथा पाडली, त्यांच्यानंतर आलेल्या सरांनी ती तासिका दहावीच्या जादा तासांना दिली आणि त्यांच्यानंतरच्या सरांना या दोन्हींतले काही ठाऊकच नव्हते.

फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये आमच्या याच पुण्यात सुरू झाले, तेव्हा त्याचे प्राचार्य वामन शिवराम आपटे तिशीच्या आतले होते आणि त्यांच्यामागून १८९२ मध्ये आलेल्या आगरकरांनीही चाळिशी गाठलेली नव्हती. माझे म्हणणे असे, की किमान १० वर्षे सेवा झालेल्या आणि किमान ५ वर्षे सेवा उरलेल्या शिक्षकांमधून, परीक्षा आणि मुलाखत घेऊन मुख्याध्यापक निवडावा. शाळांच्या एका गटावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांची काही पदे मर्यादित विभागीय परीक्षेतून भरण्याचे धोरण शासनाने स्वीकारलेले आहेच.

शिसपेन्सिल

मी स्वतः एका अनुदानित शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि मला ते पद २२ महिने मिळाले, तेव्हा आपल्या फलकावरच्या कागदी पट्टीची मी प्रतिनिधी आहे असे समजावे.

आपटे आणि आगरकरांचे उदाहरण आकर्षक असले, तरी ते येथे लागू पडत नाही. ती संस्था शिक्षकांनीच काढलेली होती, आजीव सभासद तुटपुंज्या वेतनावर तिथे शिकवत होते आणि आपल्यातूनच एकाला प्रमुख करत होते. आजच्या बहुतेक संस्थांमध्ये शिकवणारे वेगळे आणि चालवणारे वेगळे आहेत. निवड कोण करणार, हा प्रश्न आपण ओलांडून गेलात. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठीचा १९७७ चा कायदा येण्यापूर्वी खासगी शाळेतील शिक्षकाला ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगणे फारसे अवघड नव्हते. त्या कायद्याने शाळा न्यायाधिकरण दिले आणि बढतीत डावलले गेल्यास तिथे दाद मागण्याचा हक्क दिला. ज्येष्ठता हा मोजता येणारा निकष आहे, म्हणूनच तिथे दाद टिकते. ‘मुलाखतीत यांना कमी गुण मिळाले’ या वाक्याविरुद्ध कोणता शिक्षक काय सिद्ध करणार? मुलाखतीच्या मंडळावर अध्यक्ष, कार्यवाह आणि अध्यक्षांचे स्नेही बसले, की पहिला क्रमांक कोणाच्या सुनेचा येईल, हे शिपाईसुद्धा आदल्या दिवशी सांगतील.

आता २२ महिन्यांत काम का होत नाही, ते सांगते. पदभार घेतला त्या दिवशी माझ्या हाती एक किल्ल्यांचा जुडगा आला. त्यात १९ किल्ल्या होत्या आणि कोणती कशाची याची यादी कोणाकडेही नव्हती. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मला दिवाळीनंतर सापडली. पहिल्या आठवड्यात शालार्थ या शासनाच्या वेतनप्रणालीवर वेतन देयक पाठवायचे होते आणि त्याचा एकवेळचा संकेतांक (ओटीपी) निवृत्त झालेल्या सरांच्या भ्रमणध्वनीवर जात होता. पोषण आहाराचा तांदूळ आला, तेव्हा पोती मोजून साठा नोंदवहीवर सही करायला मी आठवीच्या तासातून उठून गेले. त्यानंतर संचमान्यता, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरवण्याचे काम आले. पटावरच्या मुलांची आधार जुळणी झाली नाही तर शिक्षकाचे पद जाते. आमच्याकडे एका मुलाचे नाव जनरल रजिस्टरमध्ये ‘साईनाथ’ आणि आधारवर नुसते ‘साई’ असे होते. त्याची आई धुणीभांडी करत असे. तिला एका दिवसाचा खाडा करून आधार केंद्रावर पाठवण्यासाठी मी तिची कशी मनधरणी केली, ते मलाच ठाऊक. शिपायाचे पद निवृत्तीनंतर भरले जात नाही, त्याऐवजी ठोक भत्ता मिळतो आणि त्या भत्त्यात टिकणारा माणूस मिळत नाही. या जागी पस्तिशीचा, परीक्षेत पहिला आलेला मनुष्य आणून बसवला, तर तोही पोतीच मोजेल, फक्त अधिक वर्षे मोजेल.

नवाशिक्षक

मी पवित्र पोर्टल या शासनाच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळामधून नियुक्त झालेला शिक्षक आहे आणि धागाकर्त्यांशी सहमत आहे. निव्वळ ज्येष्ठतेची भिंत आता तशीही उभी राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची ५ वर्षांहून कमी सेवा उरली आहे त्यांना टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) न देता निवृत्तीपर्यंत नोकरीत राहता येईल, परंतु बढती हवी असेल तर ती उत्तीर्ण व्हावीच लागेल. म्हणजे परीक्षा हा निकष दारातून आत आलेला आहे. शिवाय अल्पसंख्याक संस्थांना आपल्या पसंतीचा मुख्याध्यापक नेमण्याची मुभा आधीपासून आहे आणि त्यातल्या कित्येक शाळांपुढे प्रवेशासाठी रांगा लागतात.

शिसपेन्सिल

टीईटीत बालमानसशास्त्र, भाषा, गणित आणि परिसर अभ्यास विचारतात. दोन शिक्षकांचे आपसांतले बोलणे बंद झाले असता वेळापत्रक कसे लावावे, हे त्यात विचारत नाहीत. प्रवेशाच्या रांगांबद्दल म्हणाल, तर त्या शाळांपुढे रांग माध्यमामुळे लागते की मुख्याध्यापकांमुळे, ते एकदा फाटकाशी उभे राहून पालकांनाच विचारावे.

वेल्हेकर

मी जिल्हा परिषदेच्या डोंगरातल्या शाळेवर आहे आणि ही चर्चा वाचून मला थोडे हसू आले. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीत १५० हून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक. आमची मुले १७. दोघा शिक्षकांपैकी जो ज्येष्ठ तो प्रभारी. आपला वर्ग सांभाळून तोच सगळे दप्तर पाहतो. पंचायत समितीत बैठक असली, की चारही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. मुख्याध्यापक कसा निवडावा हे ठरवताना, तो कुठे असावा हेही कोणी तरी ठरवावे.

नारायणपेठी

वेल्हेकर, आपले म्हणणे रास्त आहे, मात्र त्याचा स्वतंत्र धागा व्हायला हवा.

बाई, निवड संस्थेच्या हाती देऊ नये, हे मला मान्य आहे. परीक्षा राज्यस्तरावर व्हावी, उत्तरपत्रिकांवर नावे नसावीत आणि मुलाखत मी मागे घेतो. पण १९ किल्ल्यांची आपली हकीकत माझ्याच बाजूने साक्ष देते असे मला वाटते. पर्यवेक्षक आणि उपमुख्याध्यापक ही पदे आधीपासून आहेत. ती कामे शिकण्याची जागा ठरायला हवी होती. प्रत्यक्षात तीही त्याच यादीतून भरली जातात, त्यामुळे एकच शिक्षक जूनमध्ये पर्यवेक्षक, डिसेंबरमध्ये उपमुख्याध्यापक आणि पुढच्या जूनमध्ये मुख्याध्यापक होतो. तो कोणत्या खुर्चीत काय शिकणार? दुसरे असे, की नियमात ज्येष्ठतेबरोबर ‘समाधानकारक सेवा’ अशीही अट आहे. ती अट लावून एखाद्याला थांबवल्याचे आपण पाहिले आहे काय?

शिसपेन्सिल

पाहिलेले नाही, आणि याचे उत्तर मला जरा अवघड जाते.

ती अट गोपनीय अहवालावर उभी आहे आणि हे अहवाल मुख्याध्यापकच लिहितो. माझ्याकडे ३१ शिक्षकांचे अहवाल होते. प्रतिकूल शेरा लिहिला तर तो संबंधिताला लेखी कळवावा लागतो, त्याचे म्हणणे घ्यावे लागते, आणि पुराव्याची कागदपत्रे आपल्याकडे असावी लागतात. पहिल्या वर्षी ३० जणांना मी ‘चांगले’ लिहिले. एका शिक्षकांबद्दल मात्र ‘वर्गात वेळेवर जात नाहीत, वह्या तपासत नाहीत’ असे लिहिले, कारण त्यांच्या वर्गाच्या वह्या मी स्वतः चाळल्या होत्या आणि जुलैपासून त्यांत लाल शाई नव्हती. अहवाल संस्थेकडून ‘फेरविचार करावा’ अशा पेन्सिलीतल्या टिपणासह परत आला. माझे १४ महिने उरले होते आणि सेवापुस्तकाची पडताळणी त्याच कार्यालयाकडे अडकली होती. मी तो शेरा बदलला.

ते शिक्षक ज्येष्ठता यादीत माझ्यानंतर दुसरे होते. मी ज्यांना पदभार दिला ते ८ महिन्यांनी निवृत्त झाले आणि मग या शिक्षकांना ते पद मिळाले. पदभार देताना किल्ल्यांना मात्र मी चिठ्ठ्या बांधून दिल्या होत्या.